गदान्यस्क

गदान्यस्क : (जर्मन नाव डान्झिग). पोलंडमधील पॉमरेनिया प्रांताची राजधानी व बाल्टिक समुद्रावरील एक ऐतिहासिक बंदर. लोकसंख्या सु. ४,८६,००० (२०२२). हे शहर देशाच्या उत्तर भागात, गदान्यस्कच्या आखाताच्या काठी, व्हिश्चला नदीच्या मुखाजवळ वसले असून त्याचा जुना भाग व्हिश्चलेस मिळणाऱ्या मोत्वावा या लहान नदीच्या तीरावर आहे. वॉर्सापासून ते लोहमार्गाने सु. ३३० किमी. अंतरावर आहे. शेजारचे सॉपॉट हे आरोग्यधाम व गदीनिया हे विसाव्या शतकात उभारलेले बंदर यांच्यासह गदान्यस्कचा एक सलग नागरी विभाग बनला असून तो ‘त्रिनगरी’ या नावाने ओळखला जातो. जहाजबांधणी, तेलशुद्धीकरण व अंबराच्या वस्तू तयार करणे हे येथील प्रमुख उद्योग होत. बंदरातून २०२३ मध्ये ८ कोटी टनांहून अधिक मालाची चढउतार झाली.

व्हिश्चला ही पोलंडची प्रमुख नदी. देशाच्या अंतर्भागातील धान्य, लाकूड व इतर माल तिच्यातून वाहत समुद्राकडे येई आणि तो जहाजांवर चढविण्याचे ठिकाण म्हणजे गदान्यस्क. या एका भौगोलिक कारणामुळे शहरास वैभव प्राप्त झाले व त्याच कारणामुळे ते हजार वर्षे निरनिराळ्या सत्तांच्या स्पर्धेचा विषय झाले. पोलिश राजे, ट्यूटॉनिक नाइट्स, प्रशिया, फ्रान्स, जर्मनी, राष्ट्रसंघ व सोव्हिएट रशिया यांपैकी प्रत्येकाचा या शहराशी केव्हा ना केव्हा निकटचा संबंध आला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस शहराचा ऐतिहासिक भाग जवळजवळ पूर्णपणे नष्ट झाला व तेथील बहुसंख्य रहिवासीही बदलले. आज प्रवाशास दिसणारे मध्ययुगीन व प्रबोधनकालीन गदान्यस्क हे मुख्यतः १९४५ नंतर पुन्हा उभारलेले शहर आहे. म्हणून येथील बहुतेक वास्तूंच्या संदर्भात दोन काळ ध्यानात ठेवावे लागतात : एक मूळ बांधणीचा व दुसरा पुनर्बांधणीचा.

इतिहास : दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोलिश राजसत्तेने मोत्वावेच्या काठी तटबंदीयुक्त वसाहत उभारली. इ. स. ९९७ मध्ये प्राग येथील बिशप सेंट ॲडलबर्ट (पोलिश व्होइचेख) प्रशियन लोकांत धर्मप्रसार करण्यासाठी जात असता येथे थांबला व त्याने अनेकांना बाप्तिस्मा दिला. त्याच्या थोड्याच काळानंतर लिहिलेल्या चरित्रात या गावाचा पहिला लेखी उल्लेख आढळतो. त्या आधारावर १९९७ मध्ये शहराची सहस्राब्दी साजरी करण्यात आली. पुढे हे गाव पॉमरेनियाच्या स्थानिक ड्यूकांच्या सत्तेखाली आले. तेराव्या शतकात ल्यूबेक येथील जर्मन व्यापारी येथे स्थायिक होऊ लागले व गावास ल्यूबेकच्या धर्तीवर नगराचे अधिकार मिळाले. १२६० मध्ये सुरू झालेली सेंट डॉमिनिकची जत्रा जुलैच्या अखेरीपासून सु. तीन आठवडे अद्यापि भरते.

ड्यूकांचा वंश खुंटल्यानंतर वारसाविषयी कलह निर्माण झाला. ब्रँडनबर्गच्या सैन्याने शहरास वेढा घातला असता पोलिश पक्षाने ट्यूटॉनिक नाइट्स या जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघाची मदत मागितली. संघाने वेढा उठविला. परंतु नोव्हेंबर १३०८ मध्ये शहर स्वतःच बळकावून रहिवाशांची कत्तल केली. या कत्तलीत किती लोक मारले गेले, याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. तथापि पोलंड व संघ यांच्यातील दीर्घकालीन वैराचे ते एक प्रमुख कारण ठरले. संघाच्या सत्तेखाली शहराची आर्थिक भरभराट मात्र झाली. चौदाव्या शतकात ‘मुख्य नगर’ या भागाची आखणी झाली, सेंट मेरीच्या चर्चची पायाभरणी झाली (१३४३) व १३६१ मध्ये गदान्यस्क हॅन्सिॲटिक संघाचे सभासद झाले. राडुनिया कालव्यावर संघाने बांधलेली अठरा पाणचक्क्यांची मोठी गिरणी याच काळातील होय.

संघाच्या करांना व निर्बंधांना कंटाळून १४५४ मध्ये प्रशियातील नगरांनी व सरदारांनी उठाव केला. गदान्यस्कच्या नागरिकांनी संघाचा शहरातील किल्ला पाडून टाकला व पोलंडचा राजा चौथा कॅझिमिर याचे स्वामित्व मान्य केले. त्यानंतर झालेल्या तेरा वर्षांच्या युद्धाचा (१४५४–६६) मोठा खर्च शहराने उचलला. मोबदल्यात राजाने त्यास विस्तृत सनदा दिल्या. स्वतःचे कायदे, नाणी, न्यायालये व बंदरावरील नियंत्रण हे अधिकार नगरपरिषदेकडे आले. शहराच्या मानचिन्हातील दोन पांढऱ्या क्रूसांवर राजमुकुट काढण्याची परवानगीही त्यास १४५७ मध्ये मिळाली. बहुसंख्य जर्मनभाषी लोकवस्तीचे हे शहर यापुढे साडेतीनशे वर्षे पोलिश राजाची प्रजा म्हणून, परंतु जवळजवळ स्वायत्तपणे नांदले. आपले विशेषाधिकार धोक्यात आले असे वाटताच ते राजाशीही संघर्ष करी. नवनिर्वाचित राजा स्टीफन बाथोरी यास त्याने मान्यता नाकारली, तेव्हा १५७७ मध्ये राजाने शहरास वेढा घातला. पण ते त्यास जिंकता आले नाही. अखेर शहराने दंड भरला, राजाने सनदा कायम केल्या व तडजोड झाली.

सोळावे व सतरावे शतक हा गदान्यस्कचा सुवर्णकाळ होय. पोलंडमधील जमीनदारांच्या शेतांवरील राय व गहू तराफ्यांवरून आणि होड्यांतून येथे येई व येथून मुख्यतः ॲम्स्टरडॅमकडे रवाना होई. हे धान्य साठविण्यासाठी मोत्वावेतील एका बेटावर शेकडो कोठारे बांधण्यात आली. धान्याच्या या व्यापाराने शहरातील दलाल व व्यापारी श्रीमंत झाले. ते धान्य पिकविणाऱ्या पोलिश शेतकऱ्यांवरील वेठबिगारीचे ओझे मात्र त्याच काळात वाढत गेले. सतराव्या शतकाच्या मध्यास हे पोलंडमधील सर्वांत मोठे शहर होते. लूथरपंथी बहुसंख्य असलेल्या या नगरात कॅथलिक, कॅल्व्हिनपंथी व मेनोनाइट यांनाही राहता येई. डच, फ्लेमिश व स्कॉटिश लोक येथे मोठ्या संख्येने आले. त्यांपैकी व्हान डेन ब्लॉके हे फ्लेमिश शिल्पकारांचे घराणे व अँटोनिस व्हान ओबरबर्गेन हा वास्तुविशारद यांनी शहराचे रूप घडविले. दूरदर्शकाच्या साहाय्याने चंद्राचा तपशीलवार नकाशा तयार करणारा खगोलशास्त्रज्ञ योहान हेव्हेलियस (१६११–८७) हा येथील बीर-उत्पादक व नगरपरिषदेचा सभासद होता. घरांच्या छपरांवर त्याने उभारलेली वेधशाळा पाहण्यासाठी १६७९ मध्ये एडमंड हॅली मुद्दाम इंग्लंडहून आला होता. त्याच वर्षी ती वेधशाळा आगीत नष्ट झाली. तापमापकामुळे प्रसिद्ध असलेला फॅरनहाइट (१६८६) व तत्त्वज्ञ शोपेनहौअर (१७८८) यांचा जन्मही येथीलच.

स्वीडनबरोबरच्या युद्धांनी पोलंडची व त्याबरोबर गदान्यस्कची शक्ती क्षीण झाली. १७३४ मध्ये पोलंडचा राजा स्टानिस्लाव्ह लेश्चिन्स्की यास आश्रय दिल्याबद्दल रशियन सैन्याने वेढा घालून शहर घेतले. १७७२ मधील पोलंडच्या पहिल्या फाळणीत सभोवतालचा मुलूख प्रशियाकडे गेला व दुसऱ्या फाळणीत (१७९३) शहरही प्रशियास जोडण्यात आले. पोलंडचा अंतर्भाग तुटल्यामुळे व्यापार रोडावला. नेपोलियनने १८०७ मध्ये शहर जिंकून त्यास नावापुरते मुक्त नगर केले. १८१४ मध्ये ते पुन्हा प्रशियाकडे व १८७१ मध्ये जर्मन साम्राज्यात गेले. एकोणिसाव्या शतकात येथे जहाजबांधणीचे मोठे कारखाने निघाले, तरी समुद्रव्यापारातील पूर्वीचे अग्रस्थान शहरास पुन्हा लाभले नाही.

मुक्त नगर व दुसरे महायुद्ध : पहिल्या महायुद्धानंतर पोलंड पुन्हा स्वतंत्र झाला व त्यास समुद्राकडे वाट हवी होती, गदान्यस्कमधील सु. ९५ टक्के लोक मात्र जर्मनभाषी होते. व्हर्साय तहाने यावर तोडगा म्हणून सु. १,९५० चौ. किमी. क्षेत्राचे एक मुक्त नगर निर्माण केले (१९२०). राष्ट्रसंघाचा उच्चायुक्त तेथे राही. परराष्ट्रव्यवहार व जकात यांबाबत ते पोलंडशी जोडलेले होते व अंतर्गत कारभार निर्वाचित संसदेकडे होता. पोलंडला तेथे स्वतःचे टपालघर व व्हेस्टरप्लाटे या द्वीपकल्पावर दारूगोळ्याचे ठाणे ठेवण्याची मुभा होती. या व्यवस्थेने कोणाचेच समाधान झाले नाही. पोलंडने आपल्या किनाऱ्यावर गदीनिया हे नवे बंदर बांधून गदान्यस्कवरील अवलंबन कमी केले. १९३३ च्या निवडणुकीत मुक्त नगरात नाझी पक्षास बहुमत मिळाले. त्यानंतर ज्यूंचा छळ सुरू होऊन बहुसंख्य ज्यूंनी शहर सोडले. ज्यू समाजास १९३९ मध्ये आपले मोठे सिनॅगॉग विकावे लागले व ते लगेच पाडण्यात आले. त्यातील धार्मिक वस्तू सुरक्षिततेसाठी न्यूयॉर्कला पाठविण्यात आल्या.

दिनांक १ सप्टेंबर १९३९ रोजी पहाटे पावणेपाचच्या सुमारास बंदरात सदिच्छा भेटीच्या निमित्ताने आलेल्या श्लेसविग-होल्श्टाइन या जर्मन युद्धनौकेने व्हेस्टरप्लाटेवर तोफा डागल्या व दुसऱ्या महायुद्धास तोंड लागले. मेजर हेन्रिक सुखार्स्की याच्या नेतृत्वाखाली सु. २०० पोलिश सैनिकांनी ते ठाणे सात दिवस लढविले. शहरातील पोलिश टपालघरही तेथील कर्मचाऱ्यांनी एक दिवस झुंजून राखले. शरण आलेल्यांपैकी बहुतेकांना ऑक्टोबरमध्ये गोळ्या घालण्यात आल्या. शहराच्या पूर्वेस सु. ३५ किमी.वर श्टुटहॉफ येथे २ सप्टेंबर १९३९ रोजी छळछावणी उघडण्यात आली. तेथे युद्ध संपेपर्यंत ६० हजारांहून अधिक लोक मृत्यू पावले.

सोव्हिएट फौजांनी मार्च १९४५ च्या अखेरीस शहर घेतले. बाँबवर्षाव, रस्त्यारस्त्यांवरील लढाई व त्यानंतर लावलेल्या आगी यांत ऐतिहासिक भागातील सु. ९० टक्के इमारती उद्ध्वस्त झाल्या. पॉट्सडॅम परिषदेच्या निर्णयानुसार शहर पोलिश प्रशासनाखाली आले. जे जर्मन रहिवासी आधीच पळाले नव्हते, त्यांना पुढील काही वर्षांत घालवून देण्यात आले. त्यांच्या जागी मध्य पोलंडमधून, तसेच सोव्हिएट रशियाकडे गेलेल्या व्हिल्नो (व्हिल्निअस) वगैरे पूर्वेकडील प्रदेशांतून आपली घरे गमावलेले पोलिश लोक आले. अशा रीतीने एका उद्ध्वस्त शहरात, त्याच्याशी पूर्वीचा संबंध नसलेली लोकवस्ती आली.

पुनर्बांधणी : या अवशेषांचे काय करावे, याविषयी त्या वेळी तीव्र मतभेद होते. काहींना तेथे नवे, आधुनिक शहर हवे होते. काहींच्या मते शत्रूच्या शहराची पुनर्बांधणी करण्यात अर्थ नव्हता. वास्तुसंरक्षकांनी उलट बाजू मांडली : हे शहर तीन शतकांहून अधिक काळ पोलिश राजांच्या छत्राखाली होते व त्याची शोभा त्या काळातील आहे. अखेर मुख्य नगराची मूळ रस्त्यांच्या आखणीनुसार पुनर्बांधणी करण्याचे ठरले व १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून काम सुरू झाले. जुनी चित्रे, छायाचित्रे व मोजमापे यांच्या आधारे आणि ढिगाऱ्यातून निवडलेले दगड, कमानी व कोरीव भाग वापरून अरुंद, उंच, त्रिकोणी शिखरांची घरे उभी राहिली.

ही पुनर्बांधणी शब्दशः प्रतिकृती नव्हे. डच, फ्लेमिश व इटालियन प्रभाव दर्शविणाऱ्या १७९३ पूर्वीच्या रूपास प्राधान्य देण्यात आले; प्रशियन काळातील एकोणिसाव्या शतकातील इमारती बहुधा पुन्हा बांधण्यात आल्या नाहीत. जुनी घरे मागे खोलवर पसरलेली व अंधारी असत. नव्या घरांची खोली कमी करून मागील जागेत झाडे, अंगणे व मुलांची क्रीडांगणे ठेवण्यात आली. व्यापाऱ्यांच्या दर्शनी भिंतींमागे कामगार कुटुंबांसाठी लहान सदनिका बांधल्या गेल्या व अनेकदा दोन किंवा तीन घरांना मिळून एकच जिना ठेवण्यात आला. रस्त्यावरून दिसणारे सोळावे-सतरावे शतक व अंगणातून दिसणारे विसाव्या शतकाचे मध्य यांतील हा फरक काही पावले आत गेल्यास सहज ध्यानात येतो. जुने नगर या उत्तरेकडील भागात मात्र केवळ प्रमुख वास्तूच उभारण्यात आल्या व कोठारांचे बेट अनेक दशके भग्नावस्थेत राहिले. तेथे २०१० नंतरच्या दशकात जुन्या आकारांचा आभास देणाऱ्या आधुनिक इमारती झाल्या.

साम्यवादी राजवटीत शहराच्या जर्मन भूतकाळाचा उल्लेख शक्यतो टाळला जाई. येथे जन्मलेला जर्मन कादंबरीकार ग्यूंटर ग्रास (१९२७–२०१५) याने आपल्या लेखनातून ते हरवलेले डान्झिग जगासमोर ठेवले. १९९३ मध्ये शहराने त्यास सन्माननीय नागरिकत्व दिले. युद्धानंतरच्या दशकांत मोडून टाकलेल्या सर्वधर्मीय दफनभूमींच्या स्मरणार्थ २००२ मध्ये मुख्य रेल्वेस्थानकाजवळ ‘अस्तित्वात नसलेल्या दफनभूमींची दफनभूमी’ या नावाचे स्मारक उभारण्यात आले. ज्यांच्या पूर्वजांची थडगी येथे नाहीत, अशा नागरिकांनी पूर्वीच्या रहिवाशांच्या मृतांची घेतलेली ही नोंद शहराच्या इतिहासात महत्त्वाची आहे.

कामगार चळवळ : डिसेंबर १९७० मध्ये अन्नधान्याच्या किंमतवाढीविरुद्ध गदान्यस्क व इतर बंदरांतील कामगारांनी निदर्शने केली. लष्कराने व पोलिसांनी केलेल्या गोळीबारात किनारपट्टीवर ४० हून अधिक लोक ठार झाले. आना व्हालेंतिनोविच या यारीचालक कामगार स्त्रीस ऑगस्ट १९८० मध्ये निवृत्तीस काही महिनेच उरले असता कामावरून काढण्यात आले. तेव्हा १४ ऑगस्ट रोजी जहाजबांधणी कारखान्यात संप झाला. वीजतंत्री लेक वालेसा संपाचा नेता झाला. संपवाल्यांच्या २१ मागण्या लाकडी फळ्यांवर लिहून कारखान्याच्या दोन क्रमांकाच्या प्रवेशद्वारावर टांगण्यात आल्या. सरकारने ३१ ऑगस्ट रोजी करारावर सही करून स्वतंत्र कामगार संघटनांचा हक्क मान्य केला व त्यातून ‘सॉलिडॅरिटी’ ही संघटना उदयास आली. तिची सभासदसंख्या सु. एक कोटीपर्यंत गेली. १३ डिसेंबर १९८१ रोजी लष्करी कायदा पुकारून ती दडपण्यात आली, तरी तिचे कार्य गुप्तपणे चालू राहिले. वालेसा यास १९८३ चे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. ४ जून १९८९ च्या निवडणुकीत सॉलिडॅरिटीचा मोठा विजय होऊन साम्यवादी राजवटीचा शेवट सुरू झाला व १९९० मध्ये वालेसा राष्ट्राध्यक्ष झाला. ज्या कारखान्यात ही चळवळ जन्मली, तो खुल्या बाजारपेठेत टिकू शकला नाही व १९९६ मध्ये त्याचे दिवाळे निघाले. जानेवारी २०१९ मध्ये महापौर पावेव आदामोविच यांच्यावर एका धर्मादाय कार्यक्रमाच्या व्यासपीठावर सुरीहल्ला होऊन त्यांचा मृत्यू झाला.

प्रेक्षणीय स्थळे : शहराचा जुना भाग पायी फिरून पाहण्याजोगा आहे. पोलिश राजे ज्या मार्गाने शहरात प्रवेश करीत, तो ‘राजमार्ग’ पश्चिमेकडील डोंगरी वेशीपासून (१५८८) सुरू होतो. पुढे सुवर्णवेस (१६१२–१४), द्वूगा हा मुख्य रस्ता व तो रुंद होऊन बनलेला द्वूगी तार्ग हा बाजारचौक लागतो. चौकाच्या तोंडाशी असलेल्या नगरभवनाच्या मनोऱ्यावर राजा दुसरा सिगिस्मंड ऑगस्टस याचा सोनेरी पुतळा आहे. या इमारतीच्या ‘लाल दालना’तील छतावरील चित्रे (१६०८) युद्धकाळात काढून इतरत्र लपविली होती, म्हणून वाचली, इमारत मात्र जळाली व नंतर दुरुस्त करण्यात आली. शेजारी व्यापारी श्रेणींच्या बैठकीचे आर्टस सभागृह असून त्यातील ५०० हून अधिक रंगीत फरशांची, १० मी.हून उंच शेगडी (१५४६) याच रीतीने वाचून १९९५ मध्ये पूर्ववत जोडण्यात आली. सभागृहापुढील नेपच्यूनचे कारंजे (१६३३) हे शहराच्या समुद्रव्यापाराचे प्रतीक होय. राजमार्ग हिरव्या वेशीपाशी (१५६८) संपून मोत्वावेच्या धक्क्यास मिळतो. ही वेस राजांच्या निवासासाठी बांधली होती. परंतु त्यांनी तिचा उपयोग क्वचितच केला.

धक्क्यावरील मध्ययुगीन यारी (झुराव, १४४२–४४) ही गदान्यस्कची सर्वपरिचित वास्तू आहे. दोन विटांच्या बुरुजांमधील लाकडी यंत्रणेतील मोठ्या चाकांच्या आत माणसे चालत व त्या बळावर सु. चार टनांचा माल ११ मी. उंचीपर्यंत उचलला जाई. जहाजांच्या डोलकाठ्या बसविण्यासही तिचा उपयोग होई. ती १९४५ मध्ये जळाली, युद्धानंतर पुन्हा उभारली गेली व दीर्घ दुरुस्तीनंतर २०२४ मध्ये पुन्हा खुली झाली. ती राष्ट्रीय सागरी संग्रहालयाचा भाग आहे. धक्क्यापासून सेंट मेरीच्या चर्चकडे जाणाऱ्या मारियात्स्का रस्त्यावर घरांपुढील कोरीव दगडी ओटे चांगल्या स्थितीत आढळतात; तेथील तळघरांतून अंबराची दुकाने आहेत. अंबराचे संग्रहालय २०२१ पासून वर उल्लेखिलेल्या मोठ्या गिरणीत आहे.

सेंट मेरीचे चर्च (१३४३–१५०२) हे विटांनी बांधलेल्या जगातील सर्वांत मोठ्या चर्चपैकी एक होय. त्याची लांबी १०५ मी.हून अधिक असून आत सु. २५,००० लोक मावतात असे सांगितले जाते. १९४५ मध्ये त्याचे लाकडी छप्पर जळाले व कमानींचा बराच भाग कोसळला. हान्स ड्यूरिंगर याने केलेले खगोलीय घड्याळ (१४६४–७०) व सु. ४०० पायऱ्यांचा मनोरा येथे पाहण्यासारखे आहेत. हान्स मेमलिंगच्या ‘अंतिम न्याय’ या त्रिफलक चित्राची चर्चमध्ये प्रतिकृती असून मूळ चित्र येथील राष्ट्रीय संग्रहालयात आहे. फ्लॉरेन्सकडे निघालेले हे चित्र १४७३ मध्ये गदान्यस्कच्या पाउल बेनेके या जहाजकप्तानाने समुद्रात लुटून आणले. नेपोलियनने ते पॅरिसला व सोव्हिएट फौजांनी लेनिनग्राडला नेले आणि १९५६ मध्ये ते परत आले.

अर्वाचीन इतिहासाच्या दृष्टीने जहाजबांधणी कारखान्याच्या प्रवेशद्वारापुढील, १९७० मधील मृत कामगारांच्या स्मरणार्थ उभारलेले ४२ मी. उंचीच्या तीन क्रूसांचे स्मारक (१९८०) व त्यालगतचे यूरोपीय सॉलिडॅरिटी केंद्र (२०१४) महत्त्वाचे आहे. २१ मागण्यांच्या फळ्यांचा समावेश २००३ मध्ये युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ नोंदवहीत झाला. पोलिश टपालघराच्या इमारतीत त्या लढ्याचे संग्रहालय असून तेथून जवळच दुसऱ्या महायुद्धाचे संग्रहालय (२०१७) आहे. व्हेस्टरप्लाटे येथे पडक्या बराकी तशाच ठेवल्या असून टेकाडावर १९६६ मध्ये उभारलेले स्मारक आहे.

परिसरातील ऑलिव्हा येथील कॅथीड्रल अठराव्या शतकातील भव्य ऑर्गनवाद्यासाठी प्रसिद्ध आहे. येथील मठातच १६६० मध्ये स्वीडन-पोलंड युद्ध संपविणारा तह झाला. सॉपॉटचा ५०० मी.हून लांब लाकडी धक्का हे हवा खाण्याचे आवडते ठिकाण आहे. आग्नेयीस सु. ६० किमी.वरील माल्बॉर्क येथे ट्यूटॉनिक नाइट्सचा विटांचा प्रचंड किल्ला असून युनेस्कोने १९९७ मध्ये त्याचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. श्टुटहॉफ येथील छावणीच्या जागेवर स्मारक-संग्रहालय आहे.

प्रवासविषयक माहिती : विमानतळ शहराच्या पश्चिमेस असून त्यास लेक वालेसा याचे नाव दिलेले आहे, तेथून शहरात रेल्वेने व बसने जाता येते. वॉर्साहून जलद आगगाडीने सु. तीन तास लागतात. त्रिनगरीतील गावे उपनगरी रेल्वेने जोडलेली असून माल्बॉर्क लोहमार्गावरच असल्याने एका दिवसात पाहून परतता येते. व्हेस्टरप्लाटेकडे बस जाते. उन्हाळ्यात मोत्वावेच्या धक्क्यावरून नावेने गेल्यास बंदराचे व कारखान्यांच्या जुन्या यारींचे दर्शन घडते. पोलंड २००४ पासून यूरोपीय संघाचा व २००७ पासून शेंगेन क्षेत्राचा सभासद आहे. त्यामुळे भारतीय प्रवाशास शेंगेन प्रवेशपरवाना (व्हिसा) घ्यावा लागतो. चलन मात्र यूरो नसून झ्वॉटी आहे.

हवामान थंड असते. उन्हाळ्यातही समुद्रावरील वाऱ्यामुळे संध्याकाळी गारवा जाणवतो. जूनमध्ये दिवस सु. १७ तासांचा, तर डिसेंबरमध्ये सु. ७ तासांचा असतो. त्यामुळे मे ते सप्टेंबर हा काळ प्रवासास सोयीचा ठरतो. सेंट डॉमिनिकच्या जत्रेच्या काळात गर्दी फार असते व निवासाची सोय आधीच करावी लागते. बहुतेक संग्रहालये आठवड्यातून एक दिवस बंद असतात व तो दिवस प्रत्येक संस्थेचा वेगळा असल्याने आगाऊ चौकशी करणे श्रेयस्कर. जुना भाग, धक्का व सेंट मेरीचे चर्च यांसाठी एक दिवस. कारखान्याचा परिसर, टपालघर व युद्धसंग्रहालय यांसाठी दुसरा. आणि व्हेस्टरप्लाटे, ऑलिव्हा किंवा माल्बॉर्क यांसाठी तिसरा, असे किमान तीन दिवस हाताशी असावेत. द्वूगी तार्ग पाहण्यापूर्वी नगरभवनाच्या संग्रहालयात जाऊन १९४५ मधील अवशेषांची छायाचित्रे पाहिल्यास चौकातील प्रत्येक घराचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. त्यांतील बहुतेक घरे त्या ढिगाऱ्यांतून, येथे नव्याने आलेल्या लोकांनी उभी केलेली आहेत.